एक्सेलमधलं तेच ते काम कमी करायचं तर: शॉर्टकट, सुविधा आणि त्यांतले खाचखळगे

स्प्रेडशीटमध्ये वेळ खाणारी कामं मुख्यतः तीन. हजारो ओळींमधून हव्या त्या जागी पोचणं, बाहेरून आलेला कच्चा डेटा साफ करणं, आणि दर महिन्याला तोच रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून बनवणं. शॉर्टकटमुळे पहिल्या कामातले सेकंद वाचतात, दुसऱ्यातली मिनिटं. खरे तास वाचतात ते तिसऱ्या कामात, पण शॉर्टकटच्या बहुतेक याद्या पहिल्या कामावरच संपतात. शिवाय यातली जवळपास प्रत्येक सुविधा कधी ना कधी चुपचाप चुकीचं उत्तर देते. म्हणून इथे प्रत्येक गोष्टीसोबत ती कुठे फसवते तेही सांगितलं आहे.

वाचण्यापूर्वी दोन खुलासे. खालच्या कीज विंडोजवरच्या एक्सेलच्या आहेत. गूगल शीट्समध्ये किंवा मॅकवर महत्त्वाचा फरक असेल तिथे तो नोंदवला आहे. फंक्शनांची आणि सेलची नावं इथे देवनागरीत लिहिली असली, तरी शीटमध्ये ती इंग्रजी कीबोर्डनेच टाइप करायची. मराठी कीबोर्ड चालू असेल तर विंडोज + स्पेस दाबून भाषा बदला, नाहीतर फॉर्म्युला बरोबर असूनही नावाची एरर येत राहील.

आधी कीबोर्ड तपासा

बऱ्याच लॅपटॉपवर एफ२, एफ४, एफ९ या कीज आवाज किंवा स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करतात. तिथे एफएन की सोबत दाबावी लागते. अनेक लॅपटॉपवर एफएन + एस्केप दाबलं की हा कुलूपबंद प्रकार उलटा होतो. दुसरी तक्रार म्हणजे बाण दाबल्यावर सेल बदलत नाही, सगळी शीटच सरकते. एक्सेल बिघडलेलं नसतं, स्क्रोल लॉक चालू असतं. लॅपटॉपवर ही की नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून तिथून ते बंद करा.

फिरणं आणि निवडणं

एकच शॉर्टकट शिकायचा असेल तर कंट्रोल + बाण शिका. सलग भरलेल्या डेटाच्या कडेपर्यंत एका उडीत पोचता येतं. सोबत शिफ्ट दाबलं की तेवढा भाग निवडला जातो. म्हणजे सी२ वर उभं राहून कंट्रोल + शिफ्ट + खालचा बाण दाबला, की शेवटच्या नोंदीपर्यंतचा कॉलम हातात येतो. चाळीस हजार ओळी माऊसने ओढत बसायची गरज नाही.

मात्र ही उडी पहिल्या रिकाम्या सेलशी अडते. मध्ये एखादी रक्कम भरायची राहिली असेल तर निवड तिथेच थांबते, आणि खालच्या नोंदी सुटल्याचं लक्षातही येत नाही. उलट खाली काहीच नसेल तर तुम्ही थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर, म्हणजे एक्सेलच्या तळाला जाता. उपाय सोपा आहे. जो कॉलम कधीच रिकामा नसतो, उदाहरणार्थ बिल क्रमांक किंवा तारीख, त्यातून खाली उतरा आणि मग उजवीकडे सरका. निवड तशीच ठेवून सुरुवातीच्या सेलकडे परत बघायचं असेल तर कंट्रोल + बॅकस्पेस.

सभोवतालचा सगळा डेटा निवडायला कंट्रोल + ए. पुन्हा दाबलं तर पूर्ण शीट. पूर्ण कॉलमसाठी कंट्रोल + स्पेस, पूर्ण ओळीसाठी शिफ्ट + स्पेस. त्यानंतर कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबलं की नवी ओळ किंवा कॉलम येतो, कंट्रोल आणि वजा चिन्हाने तो जातो. मोठा ठरावीक भाग निवडायचा असेल तर फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ए२:एफ५००० असं टाइप करून एंटर मारा. या पद्धतीत रिकाम्या सेलची अडचणच येत नाही.

कंट्रोल + एंड कधीकधी डेटाच्या खूप खाली नेऊन सोडतं. तिथे पूर्वी काही लिहिलेलं, रंगवलेलं असतं आणि एक्सेल तो भाग वापरात असल्याचं धरून चालतं. फाइल कारण नसताना जड होते, ती बहुधा यामुळेच. शेवटच्या खऱ्या ओळीखालच्या सगळ्या ओळी निवडून कंट्रोल + वजा चिन्हाने काढा आणि फाइल सेव्ह करा. नुसतं डिलीट दाबून उपयोग नाही. त्याने मजकूर जातो, रंग आणि चौकटी तशाच राहतात.

एका शीटवरून दुसऱ्या शीटवर जायला कंट्रोल + पेज अप आणि पेज डाउन. शीट खूप असतील तर खाली डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणांवर राइट क्लिक करा, सगळ्यांची यादी समोर येते. गूगल शीट्समध्ये ऑल्ट + वर-खाली बाण वापरा आणि सगळे शॉर्टकट बघायला कंट्रोल + तिरकी रेघ. त्याच खिडकीत एक्सेलसारखे शॉर्टकट चालू करण्याचा पर्यायही आहे. एक्सेलची सवय असलेल्यांनी तो पहिल्याच दिवशी चालू करावा.

भरणं

कंट्रोल + डी वरच्या सेलमधलं खाली भरतो, कंट्रोल + आर डावीकडचं उजवीकडे. पण जास्त कामाचा आहे कंट्रोल + एंटर. विखुरलेले कितीही सेल कंट्रोल दाबून निवडा, एकदाच टाइप करा, कंट्रोल + एंटर मारा. सगळीकडे तेच भरलं जातं. फॉर्म्युला असेल तर प्रत्येक ठिकाणी त्याचे संदर्भ आपोआप बदलतात.

याचा सर्वांत चांगला उपयोग दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या रिपोर्टवर होतो. अशा रिपोर्टमध्ये विभागाचं नाव एकदाच छापलेलं असतं आणि त्याखालचे सेल रिकामे असतात. त्यावर ना फिल्टर नीट चालतो ना पिव्हट, म्हणजे गटवार बेरजांचा तक्ता. रिकाम्या जागा अशा भरा:

१. तो कॉलम पहिल्या नावापासून शेवटच्या नोंदीपर्यंत निवडा.
२. एफ५ दाबा, स्पेशल निवडा, त्यात ब्लँक्स निवडून ओके करा. आता फक्त रिकामे सेल निवडलेले राहतील.
३. कुठेही क्लिक न करता बरोबरचं चिन्ह टाइप करा आणि वरचा बाण एकदा दाबा.
४. कंट्रोल + एंटर.
५. पूर्ण कॉलम पुन्हा निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी फक्त व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा.

पाचवी पायरी लोक गाळतात. मग कोणी शीट सॉर्ट करतं, प्रत्येक सेल आपल्या नव्या शेजाऱ्याकडे बोट दाखवू लागतो आणि विभागांची सरमिसळ होते. एररही येत नाही. दुसऱ्या पायरीनंतर असे सेल सापडलेच नाहीत असा संदेश आला, तर रिकामे दिसणारे सेल खरे रिकामे नाहीत. त्यांत स्पेस किंवा रिकामा मजकूर देणारा फॉर्म्युला आहे.

व्हॅल्यूज पेस्ट करायला नव्या एक्सेलमध्ये आणि गूगल शीट्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्ही. जुन्या एक्सेलमध्ये कंट्रोल + ऑल्ट + व्ही, मग व्ही, मग एंटर. लिब्रेऑफिसमध्ये मात्र कंट्रोल + शिफ्ट + व्ही दाबल्यावर पेस्ट स्पेशलची खिडकी उघडते.

सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल क्लिक केलं की फॉर्म्युला खालपर्यंत भरला जातो. कुठपर्यंत, हे शेजारच्या डेटावरून ठरतं, त्यामुळे मध्ये खंड असेल तर तो अर्ध्यावर थांबू शकतो. भरल्यावर लगेच कंट्रोल + खालचा बाण दाबून शेवट कुठे झाला ते बघा.

आजची तारीख टाकायला कंट्रोल + अर्धविराम, आत्ताची वेळ टाकायला त्यासोबत शिफ्ट. ही तारीख कायमची राहते. टुडे फंक्शन रोज बदलतं. पावती कधी आली, काम कधी संपलं अशा नोंदींमध्ये टुडे वापरलं तर उद्या सगळ्याच पावत्या उद्याच्या होतील.

फ्लॅश फिल

एक्सेल २०१३ पासून कंट्रोल + ई आलं आहे. पूर्ण नावातून आडनाव काढायचं, कोडमधले मधले चार अंक वेगळे करायचे, दोन कॉलम स्वल्पविरामाने जोडायचे, अशा कामात शेजारच्या कॉलममध्ये नमुन्याला एक-दोन उत्तरं हाताने लिहा आणि त्याखालच्या सेलवर कंट्रोल + ई दाबा.

फ्लॅश फिल नमुना ओळखतं, त्याला नियम माहीत नसतो. यादीत बहुतेक नावं दोन शब्दांची असतील आणि काही तीन, तर त्या काहींचं काय झालं ते आधी बघा. नमुना देताना मुद्दाम एक सरळ आणि एक अडनिडी नोंद द्या. आणि भरलेलं उत्तर हा नुसता मजकूर असतो. मूळ नाव बदललं तरी तो बदलत नाही. एकदाच करायच्या कामाला फ्लॅश फिल उत्तम. दर महिन्याचं काम असेल तर फॉर्म्युलाच लिहा. एक्सेल ३६५ मध्ये टेक्स्टबिफोर आणि टेक्स्टआफ्टर, गूगल शीट्समध्ये स्प्लिट, या फंक्शनांनी तेच काम होतं आणि ते पुढेही चालू राहतं.

फॉर्म्युले

एफ२ ने सेल उघडला की फॉर्म्युल्यातला प्रत्येक संदर्भ वेगळ्या रंगात दिसतो आणि शीटवर त्याच रंगाची चौकट येते. चूक शोधण्याचं हे सगळ्यात स्वस्त साधन.

एफ४ हा डॉलर चिन्हाचा शॉर्टकट आहे, मॅकवर कमांड + टी. समजा एफ१ या सेलमध्ये सवलतीचा टक्का आहे आणि बी कॉलममध्ये रकमा. सी२ मध्ये =बी२*एफ१ लिहून खाली ओढलं तर पुढच्या ओळीत तो एफ२ शोधेल आणि उत्तर शून्य येईल. एफ१ लिहिल्या लिहिल्या एफ४ दाबा, तो $एफ$१ होतो आणि जागेवर राहतो. दुसऱ्यांदा दाबलं की फक्त ओळ बांधली जाते, तिसऱ्यांदा फक्त कॉलम, चौथ्यांदा पुन्हा मोकळा. उभ्या-आडव्या तक्त्यात अर्धे बांधलेले संदर्भ लागतात: डावीकडच्या कॉलममधून घेताना $ए२, वरच्या ओळीतून घेताना बी$१. हे जमलं की पूर्ण तक्ता एका फॉर्म्युल्यात भरतो. फॉर्म्युल्याबाहेर हीच एफ४ की शेवटची कृती पुन्हा करते. एक ओळ रंगवा, दुसरीवर जा, एफ४.

ऑल्ट + बरोबरचं चिन्ह म्हणजे ऑटोसम. वरचे सलग आकडे तो स्वतः ओळखतो, आणि इथेच दोनदा फसतो. मध्ये रिकामा सेल असेल तर फक्त त्याखालचे आकडे घेतो. कॉलमच्या डोक्यावर शीर्षक म्हणून २०२४ असं साल लिहिलं असेल तर तेही बेरजेत धरतो. म्हणून एंटर मारण्याआधी त्याने आखलेली तुटक चौकट कुठून कुठे जाते ते पाहा. साल शीर्षक म्हणून वापरायचं असेल तर आधी अवतरणचिन्हासारखा एकेरी टिंब, म्हणजे अपॉस्ट्रॉफी टाका, ते मजकूर होतं.

लांब फॉर्म्युला चुकत असेल तर तो तुकड्यांत तपासा. एफ२ दाबा, संशयित तुकडा निवडा, एफ९ दाबा, त्या तुकड्याचं उत्तर तिथेच दिसेल. बाहेर पडताना एस्केप दाबा. एंटर दाबलात तर तो तुकडा कायमचा आकडा होऊन बसतो. पूर्ण शीटवर कुठे फॉर्म्युला आहे आणि कुठे कोणी हाताने आकडा टाकला आहे हे पाहायला कंट्रोल दाबून टॅबच्या वरची उलट्या टिंबाची (`) की दाबा.

दुसऱ्या यादीतून माहिती आणायला अजूनही सर्रास व्हीलूकअप वापरलं जातं. त्यात तीन दोष आहेत. शेवटचा भाग लिहायचा राहिला तर ते अंदाजे जुळणारी नोंद देतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलताच आकडा येतो. कॉलमचा क्रमांक आकड्यात लिहायचा असल्याने मध्ये नवा कॉलम घातला की उत्तर सरकतं. आणि शोधाच्या कॉलमच्या डावीकडचं काही आणता येत नाही. एक्सेल २०२१, ३६५ आणि गूगल शीट्समध्ये एक्सलूकअप आहे, तेच वापरा:

=एक्सलूकअप(ए२, यादी!$सी$२:$सी$९००, यादी!$बी$२:$बी$९००, "सापडलं नाही")

काय शोधायचं, कुठे शोधायचं, कुठून आणायचं, नाही सापडलं तर काय लिहायचं. न सांगता ते तंतोतंत जुळणीच करतं. व्हीलूकअप वापरावंच लागलं तर शेवटी फॉल्स किंवा ० लिहायला विसरू नका.

जुन्या फाइलींमध्ये इफएररने सगळ्या एरर शून्यात बदललेल्या दिसतात. हे टाळा. न सापडलेली नोंद शून्य झाली की बेरीज कमी येते आणि कारण दिसत नाही.

बाहेरून आलेला डेटा

दोन सेल डोळ्यांना सारखे दिसतात तरी जुळत नाहीत, यामागे बहुधा जास्तीची स्पेस असते. दोन्हींवर लेन फंक्शन लावा. एकात १० अक्षरं आणि दुसऱ्यात ११ आली की चोर सापडला. ट्रिम फंक्शन पुढची-मागची आणि मधली जादा स्पेस काढतं. पण वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात वेगळ्या प्रकारची, न तुटणारी स्पेस असते. तिचा कोड १६०, आणि ट्रिमला ती दिसत नाही. तिथे =ट्रिम(सब्स्टिट्यूट(ए२, कॅर(१६०), " ")) असं लिहावं लागतं.

आकडे डावीकडे चिकटलेले आणि बेरीज शून्य, म्हणजे ते मजकूर म्हणून आलेत. कॉलम निवडा, डेटामध्ये टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काहीही न बदलता फिनिश दाबा. हजारो सेल एका झटक्यात आकडे होतात. नुसता फॉरमॅट नंबर केल्याने हे होत नाही, कारण फॉरमॅट दिसणं बदलतो, आतली किंमत नाही.

तारखांचं प्रकरण याहून वाईट आहे. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे एक आकडा, १ जानेवारी १९०० हा दिवस १. कॉम्प्युटर महिना-दिवस क्रमाने लावलेला असेल आणि फाइल दिवस-महिना क्रमाची, तर ०५/०३ ही ५ मार्चची नोंद ३ मे होऊन बसते. २५/०३ मात्र मजकूर राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणजे कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याच जास्त धोकादायक. त्या चुकीच्या रूपांतरित झालेल्या असतात. हा कॉलम हाताने दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइलकडे परत जा, ती टेक्स्ट टू कॉलम्सने किंवा डेटा टॅबमधल्या फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीने आत घ्या आणि तारखेच्या कॉलमचा क्रम स्वतः सांगा. टेक्स्ट टू कॉलम्समध्ये तो तिसऱ्या पायरीवर डेट या पर्यायापुढे निवडता येतो, दिवस-महिना-वर्षासाठी डीएमवाय.

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल डबल क्लिकने उघडू नये, यालाही हेच कारण. ००४५ चं ४५ होतं. बँक खात्यासारखे लांब क्रमांक तर कायमचे बिघडतात: एक्सेल पंधरा अंकच अचूक ठेवतं, सोळाव्या अंकापासून पुढे शून्य भरतं. अशी फाइल एकदा सेव्ह केली की मूळ अंक परत येत नाहीत. फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीमधून आणताना असे कॉलम टेक्स्ट प्रकारचे करा. क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, तेव्हा ते मजकूर असण्यात तोटा काहीच नाही.

कंट्रोल + एच ने बदल करताना ऑप्शन्स उघडून पूर्ण सेल जुळवण्याची खूण तपासा. ती नसताना ० च्या जागी काहीच नको असं सांगितलं तर १०० चं १ होतं. तारा आणि प्रश्नचिन्ह यांना इथे खास अर्थ आहे, तारा म्हणजे काहीही. खरा तारा शोधायचा असेल तर त्याआधी लाटेचं चिन्ह ~ लावा.

रिमूव्ह डुप्लिकेट्स पहिली नोंद ठेवतं आणि बाकीच्या न दाखवता काढून टाकतं. सर्वांत ताजी नोंद हवी असेल तर आधी तारखेने उलट क्रमात सॉर्ट करा. आणि शीटची एक प्रत बाजूला ठेवूनच ते चालवा.

टेबल आणि फिल्टर

डेटाच्या आत कुठेही उभं राहून कंट्रोल + टी दाबा. पट्टेदार रंग येतात म्हणून अनेकांना ही सजावट वाटते. प्रत्यक्षात शीटच्या वागण्यात फरक पडतो. खाली नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढतं, आणि त्यावर उभे असलेले फॉर्म्युले, चार्ट, पिव्हटही वाढलेला भाग धरतात, पिव्हट अर्थात रिफ्रेश केल्यावर. एका सेलमध्ये फॉर्म्युला लिहिला की पूर्ण कॉलम भरतो. खाली सरकल्यावर ए, बी, सी च्या जागी शीर्षकं दिसतात, त्यामुळे शीर्षकाची ओळ जागेवर धरणाऱ्या फ्रीझ पेन्सची गरजही कमी होते. बनवल्यावर टेबल डिझाइनमध्ये जाऊन त्याला नाव द्या. टेबल१, टेबल२ अशी नावं सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाहीत.

फिल्टर लावायला-काढायला कंट्रोल + शिफ्ट + एल. फिल्टर लागलेला असताना पेस्ट करणं टाळा. कॉपी करताना फक्त दिसणाऱ्या ओळी येतात, पण अनेक सेल पेस्ट करताना ते लपलेल्या ओळींवरही जाऊन बसतात. कंट्रोल + एंटरने एकच किंमत भरणं त्यामानाने सुरक्षित, आणि त्याआधी ऑल्ट + अर्धविराम दाबून फक्त दिसणारे सेल निवडून घ्या. हाताने लपवलेल्या ओळी कॉपीत यायला नको असतील तेव्हाही हाच शॉर्टकट लागतो.

फिल्टर केलेल्या यादीखाली सम लिहिलं तर ते लपलेल्या ओळीही मोजतं. तिथे =सबटोटल(१०९, सी२:सी५००). यातला पहिला आकडा म्हणजे बेरजेचा कोड. ९ आणि १०९ दोन्ही फिल्टरने लपलेल्या ओळी सोडतात. १०९ हाताने लपवलेल्याही सोडतं.

मर्ज केलेले सेल हे सॉर्ट, फिल्टर, निवड या सगळ्यांचे शत्रू. शीर्षक मधोमध हवं असेल तर सेल निवडून कंट्रोल + १, अलाइनमेंट, हॉरिझॉन्टलमध्ये सेंटर अक्रॉस सिलेक्शन. दिसायला तेच, त्रास नाही.

पिव्हट

गटवार बेरजांसाठी वीस समइफ्स (अटीनुसार बेरीज करणारं फंक्शन) लिहिण्याआधी पिव्हट लावून पाहा. टेबलमध्ये उभं राहून इन्सर्ट, पिव्हटटेबल, ओके. मग रोज (ओळी) आणि कॉलम्स या चौकटींमध्ये गट, व्हॅल्यूजमध्ये रक्कम ओढा. एखाद्या बेरजेवर डबल क्लिक केलं की तिच्यामागच्या नोंदी नव्या शीटवर येतात. आकडा कुठून आला असं कोणी विचारलं की याहून झटपट उत्तर नाही.

बेरजेऐवजी नोंदींची संख्या दिसत असेल तर रकमेच्या कॉलममध्ये बहुधा कुठेतरी मजकूर आहे. महिन्यानुसार गट पाडता येत नाही असा संदेश आला तर तारखेच्या कॉलममध्ये मजकूर राहिलेल्या तारखा आहेत. वर सांगितलेलाच रोग. मूळ डेटा बदलल्यावर पिव्हट स्वतःहून बदलत नाही, ऑल्ट + एफ५ ने रिफ्रेश करावा लागतो. आणखी एक: पिव्हटची शीट कोणाला पाठवली की तिच्या पोटात पूर्ण मूळ डेटाही जातो, मूळ शीट काढून टाकली तरी. पगार वगैरे गोष्टी असतील तर पिव्हट व्हॅल्यूज म्हणून नव्या फाइलमध्ये पेस्ट करून तीच फाइल पाठवा.

दर महिन्याचं काम: पॉवर क्वेरी

एक्सेल २०१६ पासून डेटा टॅबमध्येच असलेली ही सोय शिकायला एक दुपार लागते, आणि वरचं निम्मं साफसफाईचं काम ती पुन्हा करू देत नाही. कल्पना अशी की फाइल साफ करताना केलेली प्रत्येक पायरी एक्सेल लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी एका क्लिकवर तीच सगळी पुन्हा चालवतं. सर्वांत नेहमीची गरज म्हणजे दर महिन्याला येणाऱ्या सारख्या फाइली एकाखाली एक जोडणं:

१. एक स्वतंत्र फोल्डर बनवा आणि त्यात फक्त त्या फाइली ठेवा. एकत्र रिपोर्टची फाइल या फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर ती स्वतःलाच वाचायला जाते.
२. नव्या वर्कबुकमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर. फोल्डर निवडा.
३. कंबाइन अँड ट्रान्सफॉर्म डेटा दाबा, डेटा असलेली शीट निवडून ओके करा.
४. उघडलेल्या एडिटरमध्ये नको ते कॉलम काढा, रिकाम्या ओळी फिल्टर करा, मजकुरावर ट्रिम लावा, कॉलमचे प्रकार ठरवा. विभागांच्या रिकाम्या जागा भरायला फिल डाउन आहेच. उजवीकडे अप्लाइड स्टेप्समध्ये प्रत्येक पायरी दिसते. चुकली तर तिच्यापुढची फुली दाबा.
५. क्लोज अँड लोड.

पुढच्या महिन्यात नवी फाइल फोल्डरमध्ये टाका आणि कंट्रोल + ऑल्ट + एफ५ दाबा.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. सगळ्या फाइलींत शीटचं नाव एकच हवं. शीर्षकं अक्षरशः सारखी हवीत. इंग्रजी शीर्षकांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं पॉवर क्वेरीला वेगळी वाटतात. कोणते कॉलम घ्यायचे हे नमुन्याच्या फाइलवरून ठरतं, त्यामुळे नंतरच्या फाइलीत आलेला नवा कॉलम गुपचूप गळतो. फोल्डरमधली एखादी फाइल कोणी उघडून ठेवली असेल तर तिची ~ ने सुरू होणारी तात्पुरती फाइल तयार होते आणि रिफ्रेश अडखळतो. सुरुवातीच्याच पायरीत नाव ~ ने सुरू न होणाऱ्या फाइलींचा फिल्टर लावून ठेवा.

अशा क्वेरीवर (वरच्या पायऱ्यांच्या संचावर) पिव्हट उभा असेल तर रिफ्रेश केल्यावर पिव्हटमध्ये कधीकधी जुनेच आकडे राहतात, आणि दुसऱ्यांदा रिफ्रेश केलं की बरोबर येतात. क्वेरी मागे चालू असताना पिव्हट आधीच ताजा होऊन मोकळा झालेला असतो. क्वेरीज अँड कनेक्शन्समध्ये त्या क्वेरीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि बॅकग्राउंड रिफ्रेशची खूण काढून टाका. मग पिव्हट क्वेरी संपेपर्यंत थांबतो.